नानाची गाठ सुटली नव्हती

जयभीम मंडळी.

मिलिंद, हा माईक जरा खाली घे बाबा. मी काय तुज्या बापावानी, नानावानी उंच न्हाई. हं, आता झालं.

वंदना झाली, मेणबत्त्या लावून झाल्या, मोठी माणसं बोलली. नेकनूरचे पाव्हणे आलेत, गेवराईचे आलेत, चकलांब्याहून टेम्पो भरून माणसं आलीत. आपल्या दूध सोसायटीचे चेअरमन अन् संचालक बसलेत. एवढ्या माणसांत उभं राहायची माझी ही पहिलीच येळ. शांताबाई, नाना तुमचे मालक होते, तुमच्याकडं बघितलं तर मला बोलणं व्हायचं न्हाई. म्हणून मी आमच्या मालकाकडं बघून बोलते. हे काय, भगवान, पुढं काठी घेऊन बसलेत.

मंडळी, रंगनाथनाना पत्र्याचे मिस्त्री. ह्या पंचक्रोशीत शाळा म्हणू नका, गोदाम म्हणू नका, गोठा म्हणू नका, ज्याच्यावर पत्रा हाय त्याच्यावर नानाचा पाय लागलेला हाय. सगळी हयात छपरावर काढली अन् माणूस गेला कुठून? घरातल्या बाजेवरून! दुपारी चहा मागितला, शांताबाईनं चहा आणेस्तवर डोळे मिटले. पत्र्याच्या मिस्त्र्याला असं मरण मिळणं सोपं हाय का? तुमीच सांगा.

अन् माणूस किती भित्रा! हसू नका, खरं सांगते. चष्मा सुतळीनं गळ्यात बांधलेला. छत्री सायकलीला बांधलेली. बाजारातून कोंबडी आणली तर तिला दोन ठिकाणी बांधायचे. शांताबाई म्हणायच्या, ह्या माणसाचं चाललं तर मला बी चुलीच्या खांबाला बांधून कामाला जातील. मी एकदा विचारलं, नाना, तुमी एवढे भेता तर वर कावून चढता? म्हणले, "वैनी, भेतो म्हणून तर चढता येतं. न भेणारे लई बघितले. माणूस शिडीनं वर जातो, शिडीनंच खाली आला पाहिजे."

शिडीनंच खाली आला पाहिजे. हे वाक्य नानानं किती जणांना ऐकवलं असंल त्याची गणती न्हाई.

आता मी जे सांगणार हाय, ते ऐका. मधी कुणी उठू नका.

छावणीचा दुष्काळ आठवतो ना? आडात पाणी न्हवतं. बादल्या रिकाम्या, आडावरचा जाड दोर, आपण सोल म्हणतो तो, खुंटीला लटकून वाळायला लागला. नानानं काय केलं, घरोघरचे सोल गोळा केले. म्हणले, पाणी वढायला न्हाई तर न्हाई, माणसं धरायला तरी कामी येतील. सोसायटीनं जनावरांची छावणी काढलती अन् चाऱ्यासाठी जुन्या गोदामाचं छप्पर दुरुस्तीला घेतलतं. सिमेंटचे जुने पत्रे, उन्हानं पापडावानी झालेले. नानानं नियमच केला. वर जाणाऱ्याच्या छातीला सोल बांधायचा, दुसरं टोक छपराच्या लोखंडी कैचीला. गाठ नाना सोता मारायचे. अन् मग खाली उभं राहून वरच्याला विचारायचे, "गाठ?" वरच्यानं हातानं चाचपून सांगायचं, "हाय!" हे उत्तर आल्याशिवाय नाना खालून पत्रा वर देत न्हवते. दिवसातून पन्नास येळा. गाठ? हाय. गाठ? हाय. लोक नकला करायचे.

त्या दिवशी मी म्हैस घेऊन छावणीत गेलते. चार गावची माणसं तिथं. वर बघितलं तर आमचे मालक, छातीला सोल बांधलेला, अन् खाली म्हशी बांधलेल्या. माझी जीभ तुमाला म्हाईत हाय. मी हात कमरेवर ठेवला अन् मोठ्यानं म्हणलं, "अगं बया! छावणीत आता दोन पायाची बी जनावरं बांधायला लागले का? ह्यांना बी पेंडी टाका बरं का!"

सगळी छावणी हसली. बाया हसल्या, गडी हसले. नाना बी हसले. एकटे मालक हसले न्हाईत.

मी म्हशीला पाणी दाखवून येईस्तवर झालं होतं. नानानं खालून विचारलं, गाठ? वरून उत्तर आलं, हाय! नानानं पत्रा दिला. मालकानं पाऊल टाकलं, पायाखालचा जुना पत्रा फुटला अन् माणूस खाली. चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्याचा ढीग होता म्हणून जीव वाचला. कंबर गेली ती गेलीच.

अन् गावानं काय म्हणलं? नानाची गाठ सुटली. जो उठंल तो तेच. म्हातारा गाठ गाठ करत होता अन् त्याचीच गाठ सुटली. नाव पडलं माणसाला, गाठसुट्या नाना. पोरं तोंडावर म्हणायची. दुसऱ्या कामावर माणसं म्हणायला लागली, बांधून तरी काय उपेग, बांधलेला बी पडलाच की. अन् सोल सोडून मोकळेच चढायला लागले.

मंडळी, नानाची गाठ सुटली न्हवती. आमच्या मालकानं सोडली होती. सोताच्या हातानं. मी म्हणलं म्हणून. बायकोनं चार गावांसमोर जनावर म्हणलं म्हणून.

दवाखान्यात शुद्धीवर आले तवा पहिलं हेच बोलले माझ्यापाशी. मी म्हणलं, गप बसा. कुणाला सांगू नका. मला वाटलं, लोक म्हणतील बाईनं जिभेनं नवरा पाडला. मला माझी लाज झाकायची होती. नानाच्या अब्रूनं झाकली.

वरीस गेलं. मला अन्न गोड लागंना. एक दिवस सकाळीच नानाच्या दारात गेले. शांताबाई, तुमी तवा दळणाला गेलत्या. नाना वट्ट्यावर बसून पट्टे साफ करत होते. बाजारातून नवे बेल्ट आणलते त्यांनी, दोन खांद्यावरून अन् मांड्यांतून येणारे. मी म्हणलं, नाना, मला काही सांगायचंय. त्यांनी वर बघितलं न्हाई. म्हणले, "वैनी, मला म्हाईत हाय."

मी म्हणलं, काय म्हाईत हाय?

म्हणले, "भगवानला गाडीत घातलं अन् मी वर गेलतो. सोल नीट गुंडाळून कैचीपाशी ठेवलेला होता. सुटलेली गाठ सोल गुंडाळून ठेवत न्हाई. कुणी वर यायच्या आत मीच तो उलगडून, गाठ सुटल्यावानी खाली लोंबता सोडला."

मी रडायलाच लागले. म्हणलं, कावून केलं असं नाना? लोक तुमाला काय काय बोलतेत! तर नाना कसे बोलले ऐका. म्हणले, "त्याची कंबर मोडली हाय. आता त्याचा संसार बी मोडू का? माझं काय, मला नाव ठेवलं तर मी पडत न्हाई. तुमी गप बसा. जावा घरी. अन् चहा घेऊन जावा."

अन् मी चहा पिऊन घरी आले. मला लई बरं वाटलं. नानानं गप बस म्हणलं ना, मग काय, बसले गप. सांगायची येळ दर वर्षी येत होती. मी म्हणायचे, नानाच न्हाई म्हणतेत तर मी कोण बोलणारी?

नाना, हितं तुमचं चुकलं. तुमच्या फोटोसमोर भांडते मी. आमाला झाकलं ते ठीक, पण लोकांचा दोरावरचा इश्वास गेला त्याचं काय? बेल्ट घेऊन तुमी दारोदार फिरलात. लोक म्हणायचे, गाठसुट्या आला आता बकल घेऊन. तरी तुमी रागावला न्हाईत. एकेकाच्या खांद्यावर पट्टा चढवायचे, वढून बघायचे, अन् खालून तेच, गाठ? बकलाला कुठं गाठ असती? तरी शब्द तोच ठेवला. दुसरा कुणी असता तर तो शब्द पुन्हा तोंडातून काढला नसता. मला तो शब्द ऐकू आला की कानात बोटं घालावी वाटायची.

उद्या सोसायटीच्या नव्या दूध केंद्राचं छप्पर चढवायचंय. दुखवट्यात काम कसं, असं कुणी म्हणत होतं. शांताबाईच म्हणल्या, त्यांना काम थांबलेलं आवडायचं न्हाई. मिलिंद खालून पत्रे देणार, वस्तीतले पाच-सहा गडी वर जाणार. त्यातले दोघं परवा माझ्यासमोर म्हणले, बेल्ट कशाला, जुन्या गाठीचं काय झालं म्हाईत न्हाई का? म्हणून मी आज उभी राहिले. चेअरमनसाहेब, तुमी बी ऐका. बेल्ट घातल्याशिवाय उद्या कुणी शिडीवर पाय ठेवायचा न्हाई. अन् बायांनो, वर बांधलेला गडी बघून जी हसंल तिनं आधी माझ्या दारात यावं.

आता मालक, उठा. काठी घ्या, सावकाश. त्या दिवशी नानानं खालून विचारलं अन् तुमी खोटं बोललात. माझ्यामुळं बोललात. आज मी विचारते, आज खरं सांगा.

गाठ?

मागं ऐकू आलं का? न्हाई आलं. मालक, मोठ्यानं. छपरावरून सांगत होता तेवढ्या मोठ्यानं.

"मी सोडली."

ऐकलं सगळ्यांनी. शांताबाई, तुमी ऐकलं. मिलिंद, तुज्या बापाची गाठ आयुष्यात एकदा बी सुटली न्हाई. उद्या खालून तू विचारायचं, अन् उत्तर आल्याशिवाय पत्रा द्यायचा न्हाई.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मालक, तुमी बसला तरी चालंल. न्हाई? बरं, उभे राहा, मी धरते.

नाना, तुमी शिडीनंच उतरलात. जयभीम.