दोरा काढला तरी रेघ तशीच

मी मूळची लोणी काळभोरची, हायवेला लागूनच आमचं घर, आठवीपर्यंत शाळा केली, मंग आईचा पाय काळा पडला आन् घरात करणारं कुणी न्हाई म्हणून शाळा सुटली. आई लई जाड व्हती, चालली की फळीवरची भांडी वाजायची, लोक हसायचे, ती पण हसायची. तिला साखर व्हती, पण आमाला तेवा कुटं माहीत, आमाला नुसत्या मुंग्या माहीत. काय सांगू ताई तुमाला, आई मोरीत लघवीला बसून आली की थोड्या वेळानं मुंग्या यायच्या, लाल, बारीक, भिंतीच्या फटीतनं रांग धरून, आन् मोरीत गोडाचा एक कण न्हाई. मी पाणी ओतायची, वाहून जायच्या, परत यायच्या. आई म्हणायची, येऊ दे गं, त्यांना मी आवडते. आई गेली तशा मुंग्या पण गेल्या. हे पण लिवा, कुणी खरं मानत न्हाई.

तिच्या मानेला मागं काळी रेघ व्हती, दोरा बांधल्यासारखी. ती पदरानं झाकायची.

लग्न झालं, वारज्याला आले. आमचे मालक मार्केट यार्डात टेम्पो चालवतात, कांदा-बटाट्याचा. मी पण आईसारखीच अंगानं, तर सासूबाई लग्नात म्हणाल्या, सून आणली का पोतं, मालक म्हणाले, पोतीच वाहतो की दिवसभर, त्यात आणखी एक. सगळे हसले, मी पण हसले.

माज्या लेकीच्या, आरूच्या वेळेला पाचवा महिना व्हता, दवाखान्यात सिस्टरनं साखरेचं पाणी दिलं, म्हणाली सगळं पी, दोन तासानं रक्तातली साखर बघू. ग्लास तोंडाला लावला आन् ताई, दिवसाढवळ्या मला आईची मोरी दिसली. मी बाथरूममध्ये गेले आन् ओतून दिलं, सगळं. तोंड पुसून बाकड्यावर येऊन बसले. सिस्टर म्हणाली, प्यालीस का सगळं, मी मान हलवली. रिपोर्ट चांगला आला. सासूबाई म्हणाल्या, बघ, काय झालं न्हाई, आता दोन जिवांचं खा. शिरा, तूप, आमरस, मी खात सुटले. मला भूक नसायची ताई, पण आतनं कुणीतरी मागतंय असं वाटायचं. हे मी कुणाला बोलले न्हाई, कधीच.

आरू झाली साडेचार किलोची, सिझर करावं लागलं. वॉर्डातल्या बायका बघायला यायच्या, काय गुटगुटीत, काय गुटगुटीत. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, पुढं गळ्यात काळा दोरा बांधला, नजर लागू नये म्हणून. आता सहा वर्षांची हाय, दहा वर्षांच्या पोरीचा फ्रॉक लागतो. जेवून उठली की परत डब्यापाशी उभी. नुसती डब्याकडं बघत राहते. मी म्हणलं, आत्ता जेवलीस ना गं. तर म्हणते, मी न्हाई मागत मम्मी, आतनं मागतंय.

मागल्या महिन्यात शाळेचा फोटो व्हता म्हणून दोरा काढला, तर खाली रेघ. सासूबाई म्हणाल्या, मळ हाय, दोऱ्याचा रंग उतरलाय. बेसन, दही, लिंबू लावून आमी दोघींनी घासलं, आठ दिवस घासलं, लेकरू रडतंय, आजी हळू, आजी हळू, शेवटी रक्त आलं. खपली धरली, खपली पडली, खाली रेघ तशीच. मंग मी आरशाकडं पाठ करून मोबाईलमध्ये माजी मान बघितली. तीच रेघ. आईची, माजी, आरूची.

आन् मला परत दिवस गेलेत, पाचवा लागलाय. तोच दवाखाना, तसाच ग्लास. मी उठले, बाथरूमचं दार ढकललं, आरू संगं व्हती, ती म्हणाली, मम्मी, इथं मुंग्या कशाला आल्यात? मी दार ओढून घेतलं. माघारी आले, सिस्टरसमोर उभं राहून डोळे मिटून सगळं प्याले, आन् डॉक्टरबाईंना मागल्या वेळचं पण सांगून टाकलं. वाटलं वरडतील. त्यांनी आरूची मान बघितली, म्हणाल्या, हा मळ नाही, नजरही नाही, अंगात साखर नीट वापरली जात नाही त्याची खूण आहे. आईची साखर वाढली की पोटातल्या बाळाकडे जाते, बाळ जास्त पोसतं, पुढंही त्याचं वजन वाढायचा धोका राहतो. मी म्हणलं, म्हंजे मीच केलं. म्हणाल्या, एकट्या तुझ्यामुळं काही होत नाही, घरचं खाणं असतं, रक्तात आलेलं असतं, आणि हे आवरता येतं, पण घासून नाही.

रिपोर्ट आला, माजी साखर निघाली. आरूचं पण रक्त घेतलं, तिचं अजून रोगात गेलं न्हाई, पण कडेला उभी हाय म्हणाल्या.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, सहा वर्षं आमाला येडं बनवलंस. तिसऱ्या दिवशी शिऱ्याची कढई घासूनपुसून माळ्यावर टाकली, म्हणाल्या, माज्या हातानं आता न्हाई. आरूच्या मानेला रोज खोबरेल लावतात, हळू, बोटाच्या टोकानं. संध्याकाळी तिघी कालव्याकडनं चालून येतो, आरू पुढं असते, मला तिची मानच दिसत राहते.

सकाळी उठले की आधी मोरी बघते मी. परवा गेले तर आरू माज्या आधीच उकिडवी बसलेली, फटीकडं बघत. म्हणाली, मम्मी, आज न्हाई आल्या. मी तिला कधीच काय सांगितलं नव्हतं हो.

न येवोत, कुणाच्याच दारी न येवोत. पोटातल्याला मी सांगत असते, बाळा, मी देईन तेवढंच घे, जास्त मागू नको. तर आतनं लाथ मारतंय. हो म्हणतंय, का आणखी मागतंय, ते काय मला कळत न्हाई बघा.