तेरा पायऱ्या खाली

जनेल : हात काढ त्या खोक्यावरून.

कर्ट : तूच बाजूला हो. चार वाजता नोवाक गाडी घेऊन येतोय. तोवर या तळघरात एकही डबी राहता कामा नये.

जनेल : मला न विचारता सिनेमांच्या जुन्या डिस्क विकत घेणाऱ्याला बोलावलंस! बाबांना जाऊन अजून महिना नाही झाला, कर्ट.

कर्ट : तुला विचारायचं? तू बसलीस फिनिक्सच्या उन्हात. इथे ग्रीन बेमध्ये अंगणातला बर्फ कोण उपसतंय? मार्चअखेर घर रिकामं करून द्यायचंय. आणि वाटणी झाली होती ना? वर स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तुझ्याच तोंडून. ‘चौदाशे डिस्क मी विमानातून कशा नेणार? त्या तुला. टीव्हीवर विकत घेतलेले सिनेमे मला.’ मी म्हटलं, घे बाई.

जनेल : तेव्हा ते टीव्हीवर होते.

कर्ट : आणि आता का नाहीत?

जनेल : तुला माहीत आहे.

कर्ट : तुझ्या तोंडून ऐकायचंय. तेवढाच विरंगुळा.

जनेल : टीव्हीवर सिनेमे विकणाऱ्या कंपनीला मी कळवलं, की खातेदार वारले, मी मुलगी, खातं माझ्या नावावर करा.

कर्ट : मग?

जनेल : त्यांनी दुःख झाल्याचं लिहिलं आणि खातं बंद केलं.

कर्ट : वा रे शहाणी! पासवर्ड हातात, टीव्ही समोर, कुणी विचारायला येत नव्हतं. गुपचूप जन्मभर बघत बसायचे सोडून बाईसाहेबांनी मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केला. औषधाच्या दुकानात गोळ्या मोजता मोजता अक्कलही मोजकीच उरली वाटतं.

जनेल : विकत घेतलेली वस्तू वारसाला मिळते, एवढंच मला ठाऊक होतं. ‘विकत घ्या’ असंच लिहिलेलं असतं बटणावर. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत काय लिहिलंय ते कोण वाचतं?

कर्ट : बाबा वाचायचे. काय म्हणायचे ते? ‘जो सिनेमा शेजाऱ्याला उसना देता येत नाही, तो आपला नव्हे.’

जनेल : अगदी तेच विचारायचंय मला. ज्यांनी आयुष्यभर हे ऐकवलं, त्यांनी पाच महिन्यांत टीव्हीवर एकसष्ट सिनेमे का घेतले?

कर्ट : सुधारले म्हणून. मी सुधारलं त्यांना. सप्टेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जिना बंद केला. टीव्हीवरचं खातं कुणी उघडून दिलं? मी. कुठलं बटण दाबायचं ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीला कुणी चिकटवलं? मी. तू काय केलंस? नाताळात संत्र्यांची पेटी धाडलीस. निम्मी सडकी निघाली.

जनेल : संत्र्यांचं राहू दे. ही बघ यादी. खातं बंद व्हायच्या आधी उतरवून घेतली होती.

कर्ट : म्हणजे सिनेमे गेले आणि यादी राहिली. ती लाव आता टीव्हीला.

जनेल : थट्टा पुरे. सकाळपासून ती घेऊन एकेक फळी बघतेय. एकसष्टच्या एकसष्ट सिनेमे इथे खाली आहेत. डिस्कवर.

कर्ट : मग मी काय वेगळं सांगतोय? शेवटी डोकं फिरलं होतं त्यांचं. नोवाकलाही तेच सांगितलं मी, म्हातारा एकच सिनेमा दोनदा विकत घ्यायचा.

जनेल : परक्या माणसाला असं सांगितलंस?

कर्ट : खोटं आहे?

जनेल : खोटंच आहे. शेवटच्या आठवड्यापर्यंत पेपरातलं शब्दकोडं ते पेनाने सोडवत होते. पेन्सिलसुद्धा लागत नव्हती. ही डबी उघड. आतली चिठ्ठी वाच.

कर्ट : मला वेळ नाही.

जनेल : मग मी वाचते. तारीख आणि बघायला कोण कोण होतं, नेहमीसारखं. ‘मी, मुलांची आई, जनेल, कर्ट. जनेल पॉपकॉर्न सांडून झोपली. कर्ट घोडा मेल्यावर रडला, पण कबूल करत नाही.’

कर्ट : रडलो नव्हतो. सर्दी झाली होती.

जनेल : चौदाशे डब्यांत चिठ्ठ्या आहेत. सप्टेंबरनंतर एकीतही नवी ओळ नाही.

कर्ट : जिना बंद होता म्हणून! किती वेळा सांगू? हवेतून उडत येणार होते का खाली?

जनेल : मग या सोळा डब्या कशा आल्या? त्यांचं वरचं प्लास्टिकही फाडलेलं नाही. पार्सलाबरोबर आलेल्या ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरच्या पावत्या वर तशाच आहेत. टीव्हीवर घेत होते तरी डिस्क मागवणं त्यांनी सोडलं नव्हतं. जिना न उतरणाऱ्या माणसाची नवी खरेदी तळघरात कशी पोचली?

कर्ट : मी आणली. त्यात काय? रविवारी किराणा घेऊन यायचो तर पार्सलं दारातच पडलेली असायची. वर कुठेही ठेवली असती तर पायात आली असती. आधीच लंगडतायत, वर अडखळून पडले असते तर? म्हणून आल्या आल्या खाली नेऊन लावायचो. एक रविवार चुकवला नाही मी.

जनेल : त्यांना उघडून बघूही दिलं नाहीस.

कर्ट : मी त्यांच्या हाडांची काळजी करत होतो, जनेल! तू डब्यांची करतेयस!

जनेल : हे बघ. नोव्हेंबरचा दुसरा रविवार. तो रेल्वेदरोड्याचा सिनेमा. डिस्क शनिवारी आलेली, पावतीवर आहे. तू रविवारी दुपारी खाली आणलीस. आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला त्यांनी तोच टीव्हीवर घेतला. पुढचा रविवार, तसंच. त्याच्या पुढचा, तसंच. सगळे रविवारच आहेत, कर्ट. कधी तीन घेतलेत, कधी चार, झोप येईपर्यंत.

कर्ट : रविवारी पाचला सिनेमा हा घरचा नियमच होता.

जनेल : घरात माणसं होती तेव्हाचा. तू खाली येताना हात भरून यायचास आणि वर जाताना रिकाम्या हाताने जायचास. एक डबी वर न्यायला काय जड होतं?

कर्ट : त्यांनी मागितली नाही.

जनेल : कधीच नाही?

कर्ट : नाही.

जनेल : माझ्याकडे बघून सांग.

कर्ट : एकदा मागितली होती. ऑक्टोबरात. मी घाईत होतो.

जनेल : कसली घाई? बारमध्ये मॅच सुरू व्हायची होती?

कर्ट : हो, मॅच! आठवडाभर पहाटे तीनला उठून काउंटी सरकारचा ट्रक हाकतो मी. रविवारचे तीन तास मित्रांबरोबर एक बिअर घेतली तर गुन्हा झाला? त्यांना म्हटलं, ‘बाबा, बटण दाबा की. त्यासाठीच तर दिलंय.’

जनेल : आणि त्यांनी दाबलं. एकसष्ट वेळा.

कर्ट : फार बोलतेस. आता माझं ऐक. ते बटण एकट्या माझ्या घाईपायी नाही दाबलं त्यांनी. पासवर्ड तुझ्याकडे कुठून आला?

जनेल : बाबांनी पाठवला होता.

कर्ट : कधी?

जनेल : खातं उघडलं तेव्हाच. सप्टेंबरात.

कर्ट : कशाला पाठवला असेल? इथली डिस्क फिनिक्सला दिसत नाही. टीव्हीवरचा सिनेमा दिसतो. मला म्हणाले होते, ‘एकाच वेळी दोघांनी लावला तर एकत्र बघितल्यासारखंच की रे. जनेलला फोन करतो, म्हणजे बरोबर पाचला सुरू करेल.’ केला नव्हता फोन?

जनेल : करायचे.

कर्ट : मग?

जनेल : रविवारी माझी पाळी असायची दुकानात.

कर्ट : दर रविवारी?

जनेल : नसायची कधी कधी. म्हणायचे, ‘आज हा लावतोय, तूही लाव.’ मी म्हणायची, हो बाबा. दुसऱ्या दिवशी विचारायचे, शेवट कसा वाटला? मी म्हणायची, छान होता.

कर्ट : आणि बघितले किती?

जनेल : ते खातं मी पहिल्यांदा उघडलं ते बाबा गेल्यावर. यादी उतरवायला.

कर्ट : झालं तर मग. मोठी आली मला रविवार मोजून दाखवणारी. मी निदान दारात तरी उभा राहत होतो.

जनेल : दारात उभा राहून निघून जायचास. त्याचं बक्षीस हवंय?

(वरच्या दाराची घंटा वाजते.)

नोवाक : कुणी आहे का घरात? गाडी मागच्या बाजूला लावू का? जिना अरुंद असेल तर माझी दोन माणसं आहेत बरोबर!

कर्ट : थांब जरा, नोवाक!

जनेल : जा. तुझा पाहुणा आहे. सांग त्याला, वेड्या म्हाताऱ्याचा माल तयार आहे.

कर्ट : तोंड सांभाळ.

जनेल : का? तूच सांगितलंस ना त्याला? आता त्याच्या समोर पुन्हा सांग. मी ऐकते इथे उभी राहून.

नोवाक : बर्फ वाढतोय, साहेब! काय करायचं?

कर्ट : आज नको, नोवाक! परत जा! मी फोन करीन!

नोवाक : अहो, पन्नास मैलांवरून आलोय मी!

कर्ट : म्हटलं ना, आज नको!

जनेल : माझ्यावर उपकार करतोयस असं समजू नकोस.

कर्ट : तुझ्यासाठी कोण करतंय? उद्या सकाळी ट्रकवरून आलो की तुला विमानतळावर सोडतो, मग पुढच्या नाताळापर्यंत तोंड नको दाखवूस.

जनेल : टॅक्सीने जाईन.

कर्ट : जा की. यादी दे इकडे.

जनेल : का?

कर्ट : दे म्हटलं ना. त्यांनी माझ्याकडे डबी मागितली होती ना, ऑक्टोबरात, पहिल्या रविवारी. त्या दिवशी काय घेतलंय?

जनेल : एकच आहे त्या दिवशी. बर्फावर मासे धरायला गेलेल्या बापलेकांचा.

कर्ट : हो. तोच मागितला होता. मला म्हणाले होते, कुठे आहे तेही सांगतो. मी ऐकलं नाही. इतक्या डब्यांत शोधत कोण बसणार, असं वाटलं मला. सापडला का तुला?

जनेल : सकाळी सगळ्यात आधी तोच सापडला.

कर्ट : कुठे?

जनेल : जिन्याच्या डाव्या हाताला, पहिल्याच फळीवर. शेवटची पायरीसुद्धा उतरावी लागत नाही.