पितळेतलं तांबं

हॅलो?... हॅलो, तूच ना गं?... मी बाई बोलतेय. केमिस्ट्रीच्या बाई... हो, हो, आहे अजून जिवंत! गुडघे सोडले तर बाकी सगळं ठणठणीत... नंबर होय? तुझ्या मावसबहिणीकडून घेतला... नाही गं, कुणाला काही झालेलं नाही. घाबरू नकोस.

अगं ऐक ना. एक बोलायचंय. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धीर सुटेल... अकरावीची शेवटची चाचणी आठवते? पितळेचा प्रश्न?... हो, हो, तोच. पितळेतल्या तांब्याचा आणि जस्ताचा ऑक्सिडेशन नंबर काढा... बघ, तुलाही पाठ आहे! तू दोघांना शून्य लिहिलंस. मी काट मारली आणि लाल पेनानं अधिक दोन लिहिलं... हो, वाद घालतेस म्हणून उभं केलं... हो गं, वर्गाबाहेरही काढलं. विसरले नाही मी.

अगं, तुझं बरोबर होतं.

हो, शून्यच. दोन धातू नुसते वितळून एकमेकांत मिसळलेत. इलेक्ट्रॉन कुणी कुणाला दिला नाही, कुणी कुणाचा घेतला नाही. तू अगदी हेच म्हणत होतीस. आणि माझ्या डोक्यात मोरचूद, कॉपर सल्फेट! त्यातलं तांबं अधिक दोन, म्हणून पितळेतही तेच ठोकून दिलं...

कधी कळलं?... आता सांगते ना... आत्ता नाही गं कळलं. त्याच संध्याकाळी कळलं. घरी येऊन पुस्तक उघडलं आणि माझंच पितळ उघडं पडलं...

का नाही सांगितलं? काय सांगू तुला... वर्गात पाय टाकला, साठ पोरं टकामका बघतायत. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. मग सुट्ट्या लागल्या. आणि जूनमध्ये कळलं, तू सायन्स सोडलंस... हो. भ्याले मी. दुसरं काही नाही, भ्याले. बावीस वर्षं झाली, मनाला लागून राहिलंय...

काय?... काय म्हणालीस? परत सांग... तुझ्या मुलीच्या वहीत?... तिनंही शून्य लिहिलं होतं?... आणि तू खोडायला लावलंस?... "आमच्या बाईंनी शिकवलंय" म्हणालीस?... अरे देवा. इतकी वर्षं तू माझंच खरं धरून बसलीस?... आणि आता ती काय म्हणते?... केमिस्ट्री आपल्याला जमायची नाही, सोडूनच देते?...

माझी माफी राहू दे बाजूला. तिला फोन दे. आत्ताच्या आत्ता... दार लावून बसली असेल तर ठोठाव! उघडेपर्यंत ठोठाव!...

हॅलो?... बाळ, मी तुझ्या आईच्या बाई... हो, तीच, अधिक दोनवाली. नीट ऐक. तुझं शून्य बरोबर आहे... आई चुकली नाही गं. तुझ्याएवढी असताना तिनंही शून्यच लिहिलं होतं. स्वतःच्या डोक्यानं... मी खोडलं ते. मी... रागव ना, खुशाल रागव, पण तिच्यावर नको... केमिस्ट्री सोडायची नाही, कळलं?... हं. शहाणी. दे आता तिला परत...

काय करतेय?... ओट्याला टेकून रडतेय?...

मग नको देऊस. तू जा, तिच्याजवळ बस. ठेवते मी.