टेंभीच्या खिंडीतला गोलंदाज

ऐका. भुताला भ्यायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नाही. शाळा चौथीपर्यंतच, तेवढा धडा राहून गेला. सबंध पलटणीत माझ्याएवढी छाती कुणाची नव्हती! आता तो कंदील जरा मोठा करा, आणि धोंडीबा, तू माझ्या पाठीमागं येऊन बस. पाठ उघडी नको.

हां. तर एकाहत्तरची लढाई नुकती संपलेली. मी मॉर्टरवर. मॉर्टर म्हणजे उखळी तोफ; उभी नळी, बाकी काही नाही. वरून गोळा सोडायचा, कान झाकून वाकायचं. गोळा आभाळात चढतो आणि टेकडीपलीकडं पडतो. सोडणाऱ्याला काही दिसत नाही बरं का! पुढं एक गडी लपून बसलेला असतो. तो सांगतो, लांब गेला, आखूड पडला. पहिला पलीकडं, दुसरा अलीकडं, तिसरा थेट डोक्यात. समोरचेही आमच्यावर हेच करायचे. दुसरा पडला की आम्ही जागा सोडायचो. तिसऱ्याची वाट बघणारे परत आले नाहीत.

हे सगळं मी आमची सुपारी फुटली त्या दिवशी सासरवाडीला खडे मांडून समजावलं होतं. दोन तास. कुणी विचारलं नव्हतं.

मग लग्नाची रजा मिळाली, पण आगगाडी रखडली आणि शेवटची एस.टी. चुकली. वऱ्हाड पुढं गेलेलं, सकाळी अक्षता, आणि नवरदेव रात्रीचा खिंडीच्या अलीकडं! नवरीच्या, म्हणजे आमच्या सगुणाच्या, आत्यानं आधीच बजावलेलं, "फौजी वेळेवर आला नाही तर माझा पोरगा उभा करीन." उभा करीन! जसा काय मांडवाचा खांब!

सडकेनं सात कोस, खिंडीतून दीड. नाक्यावर तासभर चहा पीत लढाई सांगितली. उठलो तसा चहावाला म्हणाला, "पाव्हणं, रात्रीचं खिंडीत जाऊ नका. तिथं आहे."

म्हटलं, "असू दे. मी गेलो नाही तर माझी बायको जाते!"

निघालो. काळोख असा की स्वतःचा हात चावला तरच सापडावा. खिंडीच्या तोंडाला पिंपळ. तिथं पोचतोय तोच टेकडीमागनं काय आलं? भिर्रर्र... धप्प! दगड! माझ्या पुढं वीस पावलांवर. पिंपळावर घुबड ओरडलं, एकदा. म्हटलं, माकड असेल.

हसू नका! रात्रीचं माकड असू शकतं.

भिर्रर्र... धप्प! आता मागं, दहा पावलांवर. घुबड दोनदा ओरडलं.

एक पुढं, एक मागं. अरे, हे साधं भूत नाही, हे माझ्यापेक्षा शिकलेलं भूत! नेम लावतंय माझ्यावर! मारली आडवी उडी, थेट निवडुंगात. आणि मी उभा होतो ना, बरोब्बर तिथं तिसरा... धाड!

निवडुंग कुठं कुठं घुसला ते दुसऱ्या दिवशी पाटावर बसताना कळलं.

आणि ऐका, घुबड हसलं. हो! खुदकन, बाईमाणसासारखं!

मागं चहावाल्याचा दिवा, पुढं लांब मांडवातली गॅसबत्ती. मागं जीव, पुढं बायको. काय करणार? मग डोकं चाललं. हे भूत कुणा फौजीचंच असणार, आणि फौजी मेला तरी हुकूम मोडत नाही. छाती भरून ओरडलो, "शंभर वाढव!" म्हणजे शंभर पावलं लांब टाक.

भिर्रर्र... दगड माझ्या डोक्यावरून पार पलीकडं! ऐकलं की हो त्यानं! मग काय, "आणखी शंभर!" ओरडत पळत सुटलो. खिंडीच्या तळाला चिखल. तिथं भुतानं डावा बूट धरला. सोडला बूट! एका बुटात मांडवात शिरलो. आत्याबाईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तेव्हा सांगून ठेवतो, काळोख पडल्यावर त्या खिंडीची वाट धरू नका. पन्नास वर्षं झाली, एव्हाना त्याचा नेम सुधारला असेल. आणि धरलीच, तर बुटाच्या नाड्या घट्ट बांधा.

सगुणा इतका वेळ उंबऱ्यावर शेंगा फोडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "गोफण आमच्या रंगादादाची होती. आणि घुबड मी. तुम्हीच नव्हतं का शिकवलं, सांगणारा पुढं लपून बसतो म्हणून? तुम्ही नाक्यावर चहा पीत होतात, तेवढ्यात चहावाल्याचा पोरगा खिंडीतनं सायकल मारत सांगायला आला, फौजी येतोय. म्हटलं, एवढ्या बाता मारतोय, बघू तरी पळतो का. पळालात! पण मांडवाकडं पळालात, म्हणून मी पाटावर उभी राहिले. डावा बूट माझ्या ट्रंकेत आहे. आणू?"