साहेबासाठी लांब पट्टा

नाही हो भाऊ, एवढ्यानं काय होतंय, अजून जोडा. ती जुन्या बॅगेची पट्टी लटकतेय ना मागे खिळ्याला, काळी, ती लावा. ती संपली की पुढे दुसरी कुठलीही चालेल, रंगाचं मला काही पडलेलं नाही. कुत्र्याचा पट्टा आहे, त्याला कोण बघायला येणार आहे — हो, एवढा लांब कुणी घेत नाही, माहितीये मला, तुमच्या कपाळावर आठ्या पडल्या तेव्हाच कळलं. पण मला लांबच पाहिजे. आणि दुहेरी शिलाई मारा, हा ओढतो फार. मी बसतो इथे स्टुलावर, ह्याचा गळपट्टा हातात धरून, दुसरं करणार काय, पट्टा तुमच्या मशीनखाली. सोडला की गेलाच म्हणून समजा. बस रे साहेब. साहेबच नाव ह्याचं, बायकोनं ठेवलंय. मी जन्मभर बस चालवली आणि रोज घरी येऊन डेपोतल्या साहेबांच्या नावानं बोटं मोडली, तर ही म्हणाली, आता घरातच एक साहेब आणते, बघू तुम्ही काय करता ते. आणि खरंच, अगदी तसाच निघाला. हाक मारली की कान हलवतो, बघितल्यासारखं करतो आणि जागचा हलत नाही.

उद्या जायचंय आम्हाला, मी आणि हा. समोरच्या टेकडीवर — नुसती टेकडीवर नाही, टेकडी चढून पलीकडे उतरायचं, चांगला दिवसभराचा पल्ला आहे. उजाडलं की सुटायचं. पहिला थांबा पाण्याची टाकी, तिथपर्यंत डांबर आहे, ते तापायच्या आत ओलांडायचं, नाहीतर ह्याचे तळवे भाजतात. दुसरा थांबा जुनी खाण, दगडाची, आता बंद आहे, तिथे सावली मिळते. तिथे ह्याला पाणी, मला पाणी, ह्याला अंडं, मला अंडं. मग तिसरा थांबा माथा. हसू नका, ड्रायव्हरच्या डोक्यात थांबेच येतात. पिशवी भरून ठेवलीय — पाण्याच्या बाटल्या, ह्याचं ताट, जुना टॉवेल, पायात काटा घुसला तर चिमटा. माझ्या गुडघ्याला बांधायची पट्टी. डावा गुडघा क्लचनं खाल्ला माझा, जिना उतरताना मी आडवा उतरतो. तरी म्हटलं जमवायचं. टेकडीवर मी कधी गेलेलोच नाही हो. ही जायची. दर आठवड्याला, ही आणि हा, आणि मी घरी पंख्याखाली पेपर वाचत बसायचो. संध्याकाळी दोघं यायची, दोघांच्या अंगाला गवत चिकटलेलं, दोघं सारखीच भुकेलेली.

तर त्या माथ्यावर सपाट गवत आहे म्हणे, लांबच लांब. तिथे ही त्याला सोडून द्यायची. पट्टा काढायचा आणि जा म्हणायचं. हा असा सुटायचा की दिसेनासा व्हायचा, आणि मग हिनं एक शब्द उच्चारला, एकच, की होता तिथून उलटा फिरून हिच्या पायाशी. कुठला शब्द? तिथेच तर सगळं घोडं पेंड खातंय, भाऊ. मला माहीत नाही. ‘ये’ म्हटलं की हा येत नाही, कारण ‘ये’ मी वापरून नासवला — औषध पाजायचं असलं की ये, अंघोळ घालायची की ये, नखं कापायची की ये. हा कशाला येतोय मग. म्हणून हिनं एक वेगळा शब्द काढला आणि मला सांगितलाच नाही. मी विचारलं की म्हणायची, तुम्ही तो दोन दिवसांत झिजवून टाकाल, हा फक्त डोंगरावर चालतो. आम्ही हसायचो त्याच्यावर. मुलगी फोनवर विचारायची, बाबा, कळला का पासवर्ड? मी म्हणायचो, बढती झाली की कळेल.

आणि मग हिला झटका आला. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. उजवा हात गेला, पाय आता थोडा चालतो, बोलणं गेलं. अगदीच गेलं असं नाही, एक शब्द राहिलाय. ‘गुरुवार.’ खरं सांगतो. पाणी पाहिजे, गुरुवार. दुखतंय, गुरुवार. माझ्यावर चिडली की तोच, नुसता जोरात. डॉक्टर म्हणाले असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो, त्याला काही अर्थ नसतो. पण माझं डोकं बघा — मला वाटलं, एवढे शब्द गेले आणि हाच का राहिला? हाच असणार. मी साहेबाला घेऊन मैदानात गेलो, भिंतीच्या आतलं मैदान, पळून जायची भीती नाही, ह्याला सोडला आणि पार टोकाला गेल्यावर जीव खाऊन ओरडलो, गुरुवार! दोनदा, तीनदा. हा लांब कुठेतरी माती हुंगत बसला. फिरायला आलेली एक बाई जवळ आली आणि अगदी प्रेमानं म्हणाली, आजोबा, आज मंगळवार आहे.

हसा, हसा, मीही हसलो तेव्हा. घरी येऊन दार लावलं आणि मग मात्र रडलो.

मोबाईल? बघितला की. तिच्या फोनमध्ये ह्याचे ढीगभर व्हिडिओ आहेत माथ्यावरचे. नुसता वारा वाजतो. गवत, आणि गवतात हा, लांबवर, ठिपक्याएवढा. ही बोलतच नाही, कारण बोलली तर हा येणार आणि चित्र बिघडणार. बोलायच्या आधी प्रत्येक वेळी फोन बंद केलाय. मी शेवटपर्यंत कान लावून ऐकतो, श्वास घेतल्याचं ऐकू येतं आणि संपतं. मुलगी म्हणते बाबा, पुरे आता, किती वेळा ऐकाल. तिचंही बरोबर आहे.

म्हणून हा लांब पट्टा. सोडता तर येत नाही मला, परत कुठल्या तोंडानं बोलवू. पण निदान ह्याला वाटावं की सुटलोय. एकदा पळू दे पोटभर, त्याच्या त्या जागेवर, आणि मी ह्या टोकाला. एवढंच करायचंय मला त्याच्यासाठी, दुसरं माझ्या हातात काही राहिलेलं नाही.

काय म्हणालात? परत कसं यायचं? — नाही, मी येईन ना. पलीकडून बस असते, गुडघा परत टेकडी चढायला तयार नसला तरी बसनं येता येतं. बसमध्ये कुत्रं घेत नाहीत, बरोबर आहे तुमचं, मीच कितींना उतरवलंय. तर... हा येणार नाहीये परत. पलीकडे पायथ्याशी रोपवाटिका आहे एकाची, चांगला माणूस आहे, जागा मोठी आहे, तो ठेवून घेतोय. पुढच्या आठवड्यात मुलगी आम्हा दोघांना तिच्याकडे नेणार. चौथा मजला, आणि जावयाला केसांनी दमा उठतो. मुलीला बोल लावत नाही मी, ती तरी काय काय करणार. त्या माणसानं फोनवर सगळं नीट विचारून घेतलं — खातो काय, चावतो का, कुठल्या हाकेला येतो? मी म्हटलं, सावकाश कळेल तुम्हाला.

हिला सांगितलेलं नाही. सांगू कसं? म्हटलं, आम्ही फिरायला जातो आणि संध्याकाळी येतो. शेजारच्या वहिनी बसणार आहेत हिच्याजवळ. त्यांना दुपारनंतर नाही जमायचं, नातू शाळेतून येतो. मग दुपारनंतर... मुलगी येते म्हणाली होती, पण ती एकदम सामान हलवायलाच येतेय. बघू, काहीतरी करू, दार ओढून घेईन, झोपते ती दुपारची. झोपली तर झोपते.

आज सकाळी काय झालं, सांगू? मी पिशवी भरत होतो, बाटल्यांचा आवाज झाला. ही आतून आली, भिंतीला धरून धरून, चपलांच्या फडताळापाशी बसली आणि पाय पुढे केला. तिचे डोंगराचे बूट तिथे असतात. माझ्याकडे बघून म्हणाली, गुरुवार. इतकं हळू, इतकं गोड कधीच म्हणाली नव्हती. मी काय करणार? घातले बूट. आधी चांगला पाय, मग तो दुसरा, तो आत जायलाच तयार नाही. नाड्या बांधल्या. आणि हा — हा येऊन तिच्या पायाशी बसला, कुणी बोलावलं नव्हतं. आता काढायला गेलो तर पाय मागे घेते. वहिनींनी करून बघितलं, त्यांनाही हात लावू देईना. मी इथे यायला निघालो तेव्हा दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली होती, बूट घालून, तयार. तिला उद्या न घेता कुठल्या पायानं निघू मी घरातून, सांगा. आणि घेऊन तरी कसा जाऊ? टाकीपर्यंतसुद्धा होणार नाही तिच्यानं.

थांबवा जरा मशीन.

तो रोपवाटिकेवाला गाडी घेऊन येतो म्हणाला होता घरी. मीच नको म्हटलं. मोठ्या ऐटीत सांगितलं, आम्ही चालत येऊ. त्याला फोन करतो. सकाळी लवकर ये म्हणतो, ही उठायच्या आत.

उसवा ते, भाऊ. हो, आत्ताच जोडलंत, दिसतंय मला, माझ्यामुळे तुमची खोटी झाली. पण उसवा, होता तेवढाच करून द्या. गाडीत चढवायला आखूड पट्टाच बरा पडतो.