देशपांडेकाकांचे पेढे

चहा घ्या, सांगतो. मुलीसाठी इथे कॅलगरीत एका चार्टर स्कूलला अप्लाय केलं होतं. शाळा सरकारी पैशावर चालते, पण बोर्ड स्वतःचं आणि शिकवायची पद्धत वेगळी, त्यामुळे अर्जांची ही झुंबड! बोर्डावर आपल्या मराठी मंडळातले देशपांडेकाका. मग काय, लावला फोन. "काका, आमच्या अर्जाकडे जरा लक्ष असू द्या."

काका म्हणाले, "अरे, जागा कमी पडल्या की चिठ्ठ्या टाकायच्या, असं आमच्या चार्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या सनदेतच लिहिलंय. तिथे बोर्डाचंही काही चालत नाही."

मी मनात म्हटलं, फोनवर असंच बोलावं लागतं.

आणि मुलीचं नाव निघालं! पेढ्यांचा डबा घेऊन काकांकडे गेलो. काकूंनी दार उघडलं, अभिनंदन केलं आणि सहज म्हणाल्या, "आमच्या नातीचं नाही रे निघालं. वेटिंग लिस्टवर आहे ती."

तेवढ्यात काका आले. डब्याकडे बघून म्हणाले, "नाव निघालं म्हणून आणले असशील, तर दोन खातो. मी काढलं म्हणून आणले असशील, तर परत ने."

"निघालं म्हणूनच, काका."

त्यांनी खरंच दोन खाल्ले. मी मात्र एकालाही हात लावला नाही.