भागोजीनं न दिलेली ओ

पुढे सरका रे, आणि ऐका. मधे कुणी उठायचं नाही. उठलात तर घरी एकट्यानं जावं लागेल, मी सोबत येणार नाही.

आपल्या वाडीतला भागोजी केळुसकर आगबोटीवर खलाशी होता. साहेबाच्या मुलखात गेला आणि तापानं पडला. बोट काय थांबते? किनाऱ्यावरच्या एका गावात, एका म्हातारीच्या घरी त्याला ठेवून निघून गेली. गावाचं नाव हॉल्मबी. गाव कसलं, अर्धं गाव. उरलेलं अर्धं समुद्रानं खाल्लेलं. बाजारपेठ, विहीर, दगडी चर्च, सगळं एका वादळात पाण्याखाली गेलं. चर्चचा मनोरा तेवढा ओहोटीला वर दिसायचा. गावातली माणसं त्याच्याकडे पाठ करून बसायची नाहीत. असतो एकेका गावाचा मान.

भागोजी बरा झाला, पण त्याचा जीव कशात लागेना. घरी येसू होती ना. लग्न होऊन धड वर्षभरही सोबत राहिले नव्हते. रात्री उशीला तोंड लावून तिच्याशी बोलायचा, असा वेडा. मग एका संध्याकाळी निरोप आला, मुंबईची बोट खाडीपलीकडच्या धक्क्यावरून पहाटे सुटणार. पलीकडे जायला वाट एकच, ओहोटीला उघडी पडणारी वाळू. खुणेला खांब रोवलेले. म्हातारीनं बजावलं, खांब सोडू नकोस. बुडालेली माणसं हाक मारतात, आणि तुला जे हवं त्याच्याच आवाजात मारतात. ओ देऊ नकोस. भागोजी हसला. म्हणाला, आजीबाई, हे तर आम्हाला आईच्या दुधाबरोबरच पाजतात.

निघाला. अंधार पडलेला. आता ऐका हं. आधी घंटा वाजली. पाण्याखालून. भागोजीनं मान खाली घातली आणि चालला. मग वास आला. कसला? चुलीत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा. साहेबाच्या मुलखात सुका बांगडा कुठला? तरी चालला. मग मनोऱ्याच्या अंगाला दिवा दिसला, आपण दारात ठेवतो तसा. आणि दिव्यापासून येसू बोलली, "येताय ना? पेज निवतेय."

बाबांनो, शहाणपण सुचतं ते घरी बसलेल्याला. भागोजीनं खांब सोडला. म्हातारी विसरला, धक्का विसरला. पाणी घोट्याला, पाणी गुडघ्याला. भरती लागली होती, पण त्याला कळेल तर ना! ओ अगदी ओठांवर आली होती. तेवढ्यात त्याच आवाजात हाक आली.

"भागोजी!"

जागच्या जागी थिजला तो. का? अरे, येसू नवऱ्याचं नाव घेईल? नाव सोडा, 'भाग' हा शब्दही ती तोंडातून काढायची नाही. नारळांची वाटणी असली की सगळे भाग म्हणायचे, ही हिस्सा म्हणायची. सासू त्यावरून चेष्टा करायची तिची. भागोजीला वाटलं, चुकलं भूत. परक्या मुलखातलं, त्याला आपली रीत काय ठाऊक? तो उलटा फिरला. मागून हाका, भागोजी, भागोजी, रडवेल्या. पाणी छातीला आलं. एक खांब हाताला लागला, त्याला मिठी मारून तो ओरडत राहिला. धक्क्यावरच्या मच्छीमारांनी होडी घालून काढला त्याला. वाचला. हाकेला ओ मात्र दिली नाही त्यानं.

घरी आला तेव्हा दारात आई एकटीच बसली होती. येसू तापानं गेली होती. आई म्हणाली, "पोरीनं शेवटच्या रात्री रीतभात सगळी सोडली रे. समुद्राकडे तोंड करून तुझं नाव घेत राहिली, घसा बसेपर्यंत."

कुठल्या रात्री, ते भागोजीनं विचारलं नाही. छातीच झाली नाही त्याची.

पुढे तो कधी बोटीवर गेला नाही. ओहोटी लागली की कातळाखालच्या पुळणीवर जायचा, गुडघाभर पाण्यात उभा राहायचा आणि ओ द्यायचा. हाक नसताना. मेला तोही तिथंच. म्हणून सांगतो, रात्रीचं त्या पुळणीच्या वाटेनं जाऊ नका. गेलातच, आणि पाण्यातून कुणी ओ दिली, तर थांबू नका, बोलू नका. चालत राहा. ती ओ तुमच्यासाठी नाही.